ज्युडी गार्लंड : भूक मारणाऱ्या गोळ्यांची किंमत

‘द विझार्ड ऑफ ऑझ’ हा हॉलिवूडचा चित्रपट १९३९ साली प्रदर्शित झाला. निळ्या-पांढऱ्या चौकड्यांचा फ्रॉक घातलेली, दोन वेण्यांची, लाल चमकत्या बुटांची डोरोथी आजही जगभरातल्या मुलांच्या ओळखीची आहे. पडद्यावर ती जेमतेम बारा वर्षांची वाटते. प्रत्यक्षात ही भूमिका करणारी ज्युडी गार्लंड तेव्हा सोळा वर्षांची होती. ती लहान दिसावी म्हणून तिचे अंग घट्ट कॉर्सेटने आवळले जाई आणि वजन वाढू नये म्हणून तिच्या ताटावर पहारा असे. त्याच सुमारास वैद्यकशास्त्राच्या हाती भूक मारणारे एक नवे औषध आले होते.

या चित्रपटानंतर तीसच वर्षांनी, २२ जून १९६९ रोजी, ज्युडी लंडनमधल्या घरात मृतावस्थेत सापडली. तिला नुकतीच सत्तेचाळीस वर्षे पूर्ण झाली होती. झोपेच्या गोळ्यांची मात्रा जास्त झाल्यामुळे हा अपघाती मृत्यू झाला, असा निष्कर्ष चौकशीत निघाला. भूक मारणारी गोळी आणि झोप आणणारी गोळी यांच्यात वरवर पाहता काही संबंध दिसत नाही. ज्युडीच्या आयुष्यात मात्र पहिलीच्या मागोमाग दुसरी आली होती.

तमाशागृहातली लहान मुलगी

ज्युडीचे मूळ नाव फ्रान्सिस एथेल गम. तिचा जन्म १० जून १९२२ रोजी अमेरिकेतल्या मिनेसोटा राज्यात, ग्रँड रॅपिड्स या छोट्या गावी झाला. आईवडील दोघेही रंगमंचावरचे कलाकार. गावात त्यांचे चित्रपटगृह होते. चित्रपटाच्या आधी आणि मध्ये घरातलीच मंडळी गाणी म्हणत. अडीच वर्षांची फ्रान्सिस नाताळच्या कार्यक्रमात दोन मोठ्या बहिणींबरोबर पहिल्यांदा रंगमंचावर गेली. पुढे हे कुटुंब कॅलिफोर्नियात राहायला गेले आणि तिन्ही बहिणी गावोगाव कार्यक्रम करू लागल्या. ‘गम’ हे आडनाव लोकांना विनोदी वाटे, म्हणून १९३४ मध्ये त्यांनी ‘गार्लंड’ हे नाव घेतले. थोड्याच दिवसांत धाकटीने ‘ज्युडी’ हे नावही घेतले.

१९३५ मध्ये, तेराव्या वर्षी, एमजीएम या त्या काळच्या सर्वांत बलाढ्य चित्रपट कंपनीने तिच्याशी करार केला. एवढ्याशा मुलीचा आवाज प्रौढ गायिकेला मागे टाकणारा होता. त्याच वर्षी नोव्हेंबरमध्ये मेंदूज्वराने तिचे वडील गेले. त्यांचा तिला फार लळा होता. आता घरात आई आणि कामावर कंपनी, अशा दोघांच्या हातात तिचा दिवस गेला.

आवाजाबद्दल कोणाचीच तक्रार नव्हती. तक्रार होती ती शरीराबद्दल. ज्युडीची उंची चार फूट अकरा इंच, म्हणजे सुमारे दीडशे सेंटीमीटर. इतक्या कमी उंचीवर दोन-तीन किलो वाढले तरी ते कॅमेऱ्यात दिसे. कंपनीच्या आवारातल्या शाळेत तिच्याबरोबर लाना टर्नरसारख्या देखण्या मुली शिकत होत्या. त्यांच्याशी होणारी तुलना तिच्या मनातून आयुष्यभर गेली नाही. चेहरा वेगळा दिसावा म्हणून तिच्या दातांवर टोप्या बसवल्या गेल्या, नाकात रबरी चकत्या घातल्या गेल्या. वाढत्या वयाच्या, दिवसभर नाचगाण्याची मेहनत करणाऱ्या मुलीला जेवणात सूप आणि काळी कॉफी यांवर भागवायला लावले जाई.

वैद्यकीय अर्थाने ज्युडी लठ्ठ नव्हती. तिच्या वजनामुळे तिच्या आरोग्याला धोका असल्याचे कोणी सांगितले नव्हते. पडद्यावर कसे दिसावे याविषयी कंपनीची एक अपेक्षा होती आणि शरीर त्या अपेक्षेत बसत नव्हते.

प्रयोगशाळेतून बाजारात

अ‍ॅम्फेटामिन हे रसायन १८८७ मध्ये बर्लिनमध्ये पहिल्यांदा तयार झाले, पण चाळीस वर्षे ते कोणाच्या उपयोगी पडले नाही. कॅलिफोर्नियातले रसायनशास्त्रज्ञ गॉर्डन अ‍ॅलेस दम्यावरच्या औषधाला पर्याय शोधत होते. १९२९ मध्ये त्यांनी ते स्वतःलाच टोचून पाहिले. नाक मोकळे झाले, हृदयाचे ठोके वाढले, मन उल्हसित झाले आणि रात्रभर झोप लागली नाही. पुढे ते ‘बेंझेड्रिन’ या नावाने आधी नाकात हुंगण्याच्या नळीत आणि मग गोळीच्या रूपात बाजारात आले.

या गोळ्या दिवसा अनावर झोप येण्याच्या विकारावर दिल्या जात. त्या घेणाऱ्यांचे जेवण कमी होते आणि वजन उतरते, हे डॉक्टरांच्या लक्षात आले. १९३८ मध्ये लेसेस आणि मायर्सन या बोस्टनच्या डॉक्टरांनी स्थूलतेवरच्या उपचारात बेंझेड्रिनची मदत होते, असा निबंध प्रसिद्ध केला. ‘विझार्ड ऑफ ऑझ’चे चित्रीकरण त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये सुरू झाले.

मेंदूच्या तळाशी हायपोथॅलॅमस नावाचा छोटा भाग असतो. भूक, तहान, शरीराचे तापमान यांचा कारभार तिथून चालतो. अ‍ॅम्फेटामिनमुळे मेंदूत नॉरअ‍ॅड्रिनॅलिन आणि डोपामिन ही द्रव्ये मोठ्या प्रमाणात बाहेर पडतात. समोर वाघ उभा राहिल्यावर जी अवस्था होते, तशी काहीशी अवस्था शरीरात निर्माण होते. नाडी जलद चालते, रक्तदाब चढतो, डोळे टक्क उघडे राहतात. अशा वेळी जेवणाची आठवण होत नाही. थोडक्यात, ही गोळी पोट भरल्याची भावना देत नाही. शरीराला ती धावपळीच्या स्थितीत ठेवते आणि त्या गडबडीत भूक मागे पडते.

चित्रपट कंपनीच्या दृष्टीने यात दुहेरी फायदा होता. कलाकार कमी खात आणि जास्त तास काम करत.

दिवसाची गोळी, रात्रीची गोळी

ज्युडीला गोळ्या कोणी आणि कधी सुरू केल्या, याबाबत सगळ्यांचे एकमत नाही. रंगमंचावर तरतरी यावी म्हणून तिच्या आईनेच लहानपणी गोळ्या दिल्याचे काही चरित्रकार सांगतात. ज्युडीने स्वतः पुढे सांगितले ते असे, की सलग चित्रीकरणासाठी कंपनी जागवणाऱ्या गोळ्या देई, थकून कोसळल्यावर झोपेच्या गोळ्या देई आणि चार तासांनी पुन्हा उठवून कामाला उभे करी. तिच्याबरोबर अनेक चित्रपटांत काम केलेला मिकी रूनी याने मात्र कंपनीला दोष द्यायला नकार दिला. कोणी सुरुवात केली हा वाद सोडला, तरी विशीत येईपर्यंत तिला दोन्ही प्रकारच्या गोळ्यांवाचून चालेनासे झाले होते, याविषयी दुमत नाही.

एक गोळी दुसरीला कशी बोलावते, हे समजण्यासारखे आहे. दिवसा घेतलेले अ‍ॅम्फेटामिन रात्रीपर्यंत अंगात राहते. झोप येत नाही. मग बार्बिच्युरेट गटातली झोपेची गोळी घ्यावी लागते. सकाळी तिची गुंगी उतरत नाही, म्हणून पुन्हा उत्तेजक गोळी. काही आठवड्यांत शरीर उत्तेजक गोळीला सरावते. भूक परत येते, वजन उतरायचे थांबते आणि तोच परिणाम साधायला मात्रा वाढवावी लागते. मात्रा वाढली की झोप आणखी दूर जाते आणि रात्रीची मात्राही वाढते. अचानक थांबवले तर प्रचंड थकवा, खिन्नता आणि अनावर भूक यांना तोंड द्यावे लागते. उतरलेले वजन चढू लागते आणि पुन्हा गोळीकडे हात जातो.

याच काळात ज्युडी यशाच्या शिखरावर होती. १९४० मध्ये तिला बालकलाकाराचा खास ऑस्कर मिळाला. ‘मीट मी इन सेंट लुईस’ (१९४४), ‘ईस्टर परेड’ (१९४८) हे चित्रपट तुफान चालले. पंधरा वर्षांत तिने या एका कंपनीसाठी दोन डझनांहून अधिक चित्रपट केले. दिग्दर्शक व्हिन्सेंट मिनेली यांच्याशी तिचे लग्न झाले आणि १९४६ मध्ये लायझाचा जन्म झाला. पुढे लायझा मिनेलीही मोठी कलावती झाली.

पण १९४७ पासून शरीर आणि मन दोन्ही साथ सोडू लागले. चित्रीकरणाला उशीर, अंगात त्राण नाही, कधी तासन्‌तास रडणे, कधी खोलीबाहेरच न येणे. लोक याला नखरे म्हणत. तिला खासगी आरोग्यधामात ठेवावे लागले. एकामागून एक चित्रपट तिच्या हातून गेले. १९४९ मध्ये बोस्टनच्या रुग्णालयात तिच्यावर उपचार झाले. तिथे जेवणाच्या आणि झोपेच्या वेळा पुन्हा बसू लागल्या. साहजिकच अंगावर थोडे मांस आले. परतल्यावर ‘समर स्टॉक’ या चित्रपटाचे काम सुरू झाले आणि वजनाची तक्रार पुन्हा उभी राहिली. त्या चित्रपटात ती बऱ्याच प्रसंगांत भरलेल्या अंगाची दिसते. शेवटाकडचे एक गाणे मात्र नंतर चित्रित झाले. त्यात ती कितीतरी सडपातळ आहे. एकाच चित्रपटातली ही दोन शरीरे आजही पाहता येतात. १९५० मध्ये कंपनीने तिच्याशी असलेला करार संपवला. तेव्हा ती अठ्ठावीस वर्षांची होती.

शरीर हिशेब विसरत नाही

आहार तोडून किंवा भूक मारून वजन उतरवले, तर ते परत का येते, याचे उत्तर ज्युडीच्या हयातीत कोणाला माहीत नव्हते. वजन वाढणे म्हणजे जिभेवर ताबा नसणे, असाच सार्वत्रिक समज होता. १९९४ मध्ये लेप्टिन या संप्रेरकाचा शोध लागला आणि चित्र स्पष्ट होऊ लागले. लेप्टिन चरबीच्या पेशींतून निघते आणि शरीरात किती शिल्लक साठा आहे, याची खबर मेंदूला देते. चरबी घटली की लेप्टिन घटते. मेंदू त्याचा अर्थ दुष्काळ असा लावतो, भूक वाढवतो आणि ऊर्जेचा खर्च कमी करतो. वजन उतरल्यानंतर बराच काळ ही ओढ टिकते. त्यामुळे काही आठवड्यांच्या गोळीने मिळवलेला फायदा गोळी संपल्यावर हातातून निसटणे, हा रुग्णाचा आळस नसतो. ज्युडीला मात्र दर वेळी तो स्वतःचाच दोष वाटत राहिला.

१९५१ मध्ये लंडन आणि न्यूयॉर्कच्या रंगमंचावर तिने दणदणीत पुनरागमन केले. १९५४ च्या ‘अ स्टार इज बॉर्न’साठी तिला ऑस्करचे नामांकन मिळाले. १९५९ च्या अखेरीस यकृताच्या तीव्र दाहामुळे तिला न्यूयॉर्कच्या रुग्णालयात दाखल केले, तेव्हा यापुढे तिला गाता येणार नाही, असे डॉक्टरांनी सांगितले. तिने ते खोटे ठरवले. २३ एप्रिल १९६१ रोजी न्यूयॉर्कच्या कार्नेगी हॉलमध्ये झालेला तिचा कार्यक्रम ऐतिहासिक मानला जातो. त्या कार्यक्रमाच्या ध्वनिमुद्रणाला वर्षातल्या सर्वोत्तम अल्बमचे ग्रॅमी मिळाले. हा मान मिळवणारी ती पहिली स्त्री. गोळ्या मात्र सुटल्या नाहीत. टीव्हीवरचा तिचा कार्यक्रम १९६४ मध्ये एकाच हंगामानंतर बंद पडला. कर्ज आणि थकलेला कर यांनी ती जेरीस आली. १९६७ मध्ये गोळ्यांच्या आहारी गेलेल्या अभिनेत्रींवरच्या ‘व्हॅली ऑफ द डॉल्स’ या चित्रपटात तिला घेतले गेले आणि त्यातूनही काढून टाकले गेले.

तोपर्यंत अमेरिकेत तिच्यासारख्या लाखो स्त्रिया ही गोळी घेत होत्या. १९६२ च्या सुमारास तिथे दरवर्षी अंदाजे ८० हजार किलो अ‍ॅम्फेटामिन तयार होत होते. म्हणजे दर माणशी वर्षाला ४३ मात्रा. वजन कमी करून देणारे खास दवाखाने निघाले होते. तिथे रंगीबेरंगी गोळ्यांची पाकिटे मिळत. त्यांना ‘इंद्रधनुषी गोळ्या’ असे नाव पडले होते. एकाच पाकिटात अ‍ॅम्फेटामिन, थायरॉइडचे संप्रेरक, लघवी आणि जुलाब करवणारी औषधे, हृदयावरचे डिजिटॅलिस आणि या सगळ्याचा त्रास जाणवू नये म्हणून बार्बिच्युरेट, असा मसाला असे. काही तरुण स्त्रिया यात दगावल्या. १९६८ मध्ये अमेरिकी सिनेटसमोर या गोळ्यांची सुनावणी झाली. ज्या गायिकेची ओळख इंद्रधनुष्यावरच्या गाण्याने झाली होती, तिच्या शेवटच्या वर्षांत हे घडत होते.

शेवटची रात्र

बार्बिच्युरेटचा एक घातक गुण आहे. सवयीने त्याचा झोप आणण्याचा परिणाम कमी होत जातो, म्हणून मात्रा वाढते. पण श्वास मंदावण्याचा परिणाम त्या प्रमाणात कमी होत नाही. झोप आणणारी मात्रा आणि श्वास थांबवणारी मात्रा यांच्यातले अंतर अशा रीतीने दरवर्षी अरुंद होत जाते. वीस-पंचवीस वर्षे ही गोळी घेणाऱ्याला आपण त्या काठाच्या किती जवळ आलो, हे कळत नाही. गुंगीत आधीची गोळी घेतल्याचे विसरून पुन्हा गोळी घेतली जाण्याचा धोकाही असतो. ज्युडीच्या बाबतीत मुद्दाम जीव दिल्याचा पुरावा चौकशीत मिळाला नाही. न्यूयॉर्कमध्ये तिच्या अंत्यदर्शनासाठी सुमारे २० हजार लोक रांगेत उभे राहिले.

पुढच्याच वर्षी, १९७० मध्ये, अमेरिकेत नशेची शक्यता असलेल्या औषधांवर नियंत्रण आणणारा कायदा झाला आणि १९७१ मध्ये अ‍ॅम्फेटामिन कडक निर्बंधांच्या यादीत गेले. भारतातही ते १९८५ च्या अमली पदार्थविरोधी कायद्याच्या कक्षेत येते.

नंतरच्या गोळ्या

भूक कमी करणारी औषधे मात्र संपली नाहीत. अ‍ॅम्फेटामिनच्याच कुळातले, पण सौम्य असे फेंटरमिन १९५९ मध्ये अमेरिकेत मंजूर झाले आणि आजही तिथे डॉक्टरांच्या चिठ्ठीवर मिळते. ते आहार आणि व्यायामाच्या जोडीने, फक्त काही आठवड्यांसाठी द्यावे, असे त्याच्या माहितीपत्रकात लिहिलेले असते. हृदयविकार, आटोक्यात नसलेला रक्तदाब, थायरॉइडचा अतिस्राव, काचबिंदू किंवा गर्भारपण असेल तर ते वर्ज्य आहे. सोळा वर्षे किंवा त्याहून कमी वयात त्याची शिफारस केली जात नाही.

याच फेंटरमिनला फेनफ्लुरामिन या दुसऱ्या औषधाची जोड देऊन ते महिनोन्‌महिने वापरण्याची लाट १९९० नंतर आली. १९९७ मध्ये अशा रुग्णांच्या हृदयाच्या झडपा बिघडल्याचे दिसले आणि फेनफ्लुरामिन बाजारातून काढून घ्यावे लागले. सिबुट्रामिनमुळे हृदयविकार आणि पक्षाघाताचा धोका वाढतो, असे आढळल्यावर २०१० मध्ये ते युरोप-अमेरिकेतून गेले आणि २०११ मध्ये भारतानेही त्यावर बंदी घातली.

आता सेमाग्लुटाइड आणि टिर्झेपाटाइड यांची चर्चा आहे. स्थूलतेसाठीची ही इंजेक्शने २०२५ मध्ये भारतातही आली. ती उत्तेजक नाहीत. आतड्यांतून निघणाऱ्या संप्रेरकांची ती नक्कल करतात, पोट सावकाश रिकामे होऊ देतात आणि तृप्तीची जाणीव लवकर देतात. स्थूलता हा दीर्घकाळचा आजार मानून ती दीर्घकाळ द्यायची असतात. तरीही जुना धडा इथेही लागू आहे. सेमाग्लुटाइड थांबवल्यावर वर्षभरात उतरलेल्या वजनापैकी सुमारे दोन तृतीयांश वजन परत आल्याचे अभ्यासात दिसले आहे.

स्थूलतेमुळे मधुमेह, रक्तदाब किंवा झोपेत श्वास अडखळण्याचा त्रास असलेल्यांना औषधाचा खरा उपयोग होतो आणि ते घेण्यात कमीपणा नाही. पण लग्नाच्या तारखेसाठी किंवा कोणाच्या टोमण्यासाठी निरोगी शरीराला औषध देणे ही वेगळी गोष्ट आहे. चिठ्ठी हातात घेण्यापूर्वी डॉक्टरांना चार गोष्टी विचारायला हव्यात : हे औषध मला आरोग्यासाठी लागते की दिसण्यासाठी, ते किती दिवस घ्यायचे, थांबवल्यावर वजन कसे सांभाळायचे आणि झोप उडाली, छाती धडधडली तर काय करायचे. झोप उडाल्यावर दुसरी गोळी मागण्याऐवजी पहिलीचा फेरविचार करायला हवा. तेराव्या वर्षी कामाला जुंपलेल्या ज्युडीच्या वतीने हे प्रश्न विचारणारे कोणी नव्हते.